आंबवलेल्या भाज्यांवर पुन्हा पुन्हा धरणारा पांढरा थर

भाज्या खारात घालून चार-पाच दिवस झाले की वर एक पांढरी साय धरते. चमच्याने काढली तरी दोन दिवसांत परत येते. पुन्हा काढली, पुन्हा आली. गेली कित्येक वर्षं मी कोबी, गाजर, मुळा, काकडी, फ्लॉवर मिठाच्या पाण्यात आंबवते आणि ओळखीच्यांना बरण्या भरून देते. ज्यांना दिल्या त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी मला याच थराचा फोटो पाठवलाय. सोबत एकच प्रश्न: खाऊ की फेकू?

या प्रश्नाचं उत्तर पुढे दिलंच आहे, पण खरा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे थर परत का येतो. नुसता थर काढून दुरुस्ती होत नाही. खारापर्यंत हवा पोचतेय, एवढंच तो थर सांगत असतो. ती कुठून पोचते हे सापडलं की थर थांबतो. मला ते बहुतेक वेळा पहिल्या तीन तपासण्यांतच सापडलंय, आणि त्या तिन्हींना दमडीचा खर्च नाही.

आधी लक्षणं ओळखा

बरणी हलवू नका. झाकण काढा, उजेडाकडे तिरकी धरा आणि पृष्ठभाग नीट बघा.

थर पांढरा किंवा फिकट पिवळसर, सपाट, पाण्यावर पसरलेला असेल, दूध थंड झाल्यावर सायीला पडतात तशा त्याला सुरकुत्या असतील, वास किंचित पावाच्या पिठासारखा येत असेल, तर ते यीस्ट आहे. या लेखाचा विषय हाच थर.

थराला उंची असेल, लव किंवा केस दिसत असतील, गोल ठिपके असतील, रंग हिरवा, काळा, निळा असेल, तर ती बुरशी. पुढचं काहीही न वाचता पूर्ण बरणी रिकामी करा. वरचा ठिपका काढून खालचं वाचवायला जाऊ नका. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात आणि काही बुरशी विष तयार करतात.

पांढरा कोबी गुलाबी पडला, भाजी हाताला बुळबुळीत लागली, खाराला तार सुटली किंवा कुजका वास आला, तरीही फेकायचं. चव घेऊन खात्री करू नका.

आता ज्या गोष्टींना लोक उगाच घाबरतात त्या. खार गढूळ होणं चांगलं असतं. तळाशी पांढरा, पिठासारखा गाळ बसतो तो खाली बसलेल्या जिवाणूंचा, त्यातही काही वावगं नाही. लसणाच्या पाकळ्या निळ्या-हिरव्या झाल्या तर ती लसणातल्या गंधकाच्या संयुगांची आम्लाशी झालेली क्रिया आहे. रंग पाकळीच्या आत असेल आणि वर लव नसेल तर लसूण खाता येतो.

यीस्टचा थर विषारी नसतो हे खरं, पण म्हणून तो तसाच राहू द्यायचा नाही. हे यीस्ट हवेवर जगतं आणि आपल्या जिवाणूंनी तयार केलेलं लॅक्टिक आम्ल खातं. आम्ल हीच आपल्या भाजीची राखण. ते कमी झालं की बुरशीला आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना वाट मोकळी होते. आठवडाभर दुर्लक्षित राहिलेल्या पांढऱ्या थरावर हिरवे ठिपके उगवतात ते यामुळेच.

१. वर तरंगणारा तुकडा

सगळ्यात आधी हे बघा, दोन मिनिटांचं काम आहे. कोबी चिरताना नखाएवढे बारीक तुकडे पडतात. बरणी भरताना ते मध्ये कुठेतरी दबलेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजीतून वायूचे बुडबुडे सुटतात आणि वर जाताना हे तुकडे घेऊन जातात. तुकडा पाण्यावर येतो, अर्धा ओला, अर्धा हवेत. थर तिथूनच सुरू होतो. मी एकदा एक बरणी रोज बघत बसले होते. तिसऱ्या दिवशी गाजराच्या एका चकतीभोवती बोटभर रुंद पांढरी कडा दिसली, बाकी पाणी स्वच्छ होतं. पाचव्या दिवशी सगळा पृष्ठभाग झाकला गेला.

बरणीच्या गळ्याला आतून चिकटलेले तुकडेही तितकेच वाईट, आणि ते सहज नजरेतून सुटतात. बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळून गळा आतून पुसून घ्या.

भरतानाच बारीक चुरा सगळ्यात खाली घालायचा, त्यावर मोठे तुकडे, त्यावर कोबीचं एक अख्खं पान घडी घालून खोचायचं आणि पानावर वजन. पान जाळीचं काम करतं, खालचं काही वर येऊ देत नाही. वजन काचेचं असावं, किंवा खारानेच भरलेली छोटी पिशवी. पिशवीत साधं पाणी भरू नका, ती फुटली तर सगळा खार पातळ होतो. वजन ठेवल्यावर भाजीच्या वर निदान दोन सेंटिमीटर खार उभा राहिला पाहिजे.

२. बरणी किती वेळा उघडता

हे ऐकून लोक दुखावतात, कारण बरणी ते जिव्हाळ्यानेच उघडतात. आत काय चाललंय हे बघावंसं वाटतं, वास घ्यावासा वाटतो. पण पहिल्या काही दिवसांत भाजीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खारावर त्याचा थर बसतो आणि आतली हवा बाहेर ढकलली जाते. तो असेपर्यंत यीस्टला श्वास घ्यायला काही नसतं. तुम्ही उघडलंत की हा वायू निघून जातो. पहिल्या आठवड्यात तो पुन्हा भरून येतो. फसफसणं थांबल्यानंतर मात्र येत नाही. म्हणून शेवटच्या दिवसांत उघडलेली बरणी सर्वांत आधी साय धरते.

काचेतून बघा. वायू जायला जागा हवी म्हणून झाकण अर्धा आटा सैल ठेवा किंवा पाण्याच्या सापळ्याचं झाकण (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं) वापरा. झाकण गच्च आवळून आठवडाभर विसरून जाऊ नका. दाब वाढून काच फुटते, आणि काचेचे तुकडे चेहऱ्यापर्यंत उडू शकतात. तोंडाला नुसता कापडाचा दादरा बांधला असेल तर हवा सतत आत जात राहते. कोंबुचासारख्या पेयाला दादरा हवाच, कारण त्यातल्या जिवाणूंना हवा लागते. खारातल्या भाज्यांना नको. ही गल्लत मी वारंवार पाहिली आहे.

३. रिकामी जागा, आणि वाटून घेतलेली बरणी

मला सर्वांत उशिरा समजलेलं कारण हे. माझ्या एका मैत्रिणीला मी तयार, स्वच्छ, कडक कोबी दिला. चार दिवसांनी तिच्याकडे जाड साय. एकाच बरणीतला तोच कोबी, माझ्याकडच्या उरलेल्या भागावर मात्र काही नाही. तिच्या घरी जाऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. तिने तो कोबी आपल्या मोठ्या सुंदर बरणीत काढून ठेवला होता. खाली एक तृतीयांश कोबी, वर दोन तृतीयांश हवा. शिवाय खार बेताचाच असल्याने वरच्या कोबीची टोकं उघडी पडली होती.

आंबताना फेस वर येतो, म्हणून सुरुवातीला तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी हवीच. पण आंबणं संपलं की हीच जागा जाचक ठरते. आता मी कोणालाही द्यायचं असेल तर छोट्या बरण्या काठोकाठ भरते आणि खार कमी पडला तर २ टक्के मिठाचं ताजं पाणी वरून घालते. घरातही मोठ्या बरणीतून रोज काढून खात नाही. आठवड्यापुरतं छोट्या बरणीत काढते, मोठी बरणी थंड आणि बंद राहते. काढायला कोरडा, स्वच्छ चमचा घ्या. तोंडात घातलेला काटा परत बरणीत गेला तर बाकीची सगळी काळजी वाया जाते.

४. मीठ मोजता की अंदाजाने घालता

इथून थोडा खर्च सुरू होतो, स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्याइतका. चमच्याने मीठ घालण्यात फसगत होते. बारीक मिठाचा सपाट मोठा चमचा साधारण १८ ग्रॅम भरतो. जाड्या मिठाचा तोच चमचा पुष्कळ हलका असतो, कारण खड्यांमध्ये हवा असते. मिठाचा पुडा बदलला की तुमची पाककृती बदलली, तुमच्या नकळत.

कोबीसारखी भाजी स्वतःच्या पाण्यात आंबवायची तर चिरलेल्या भाजीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ घ्या, म्हणजे एक किलोला २० ते २५ ग्रॅम. वरून पाणी घालायचं तर भाजी आणि पाणी दोन्हींचं वजन धरा. ७०० ग्रॅम गाजर आणि ८०० ग्रॅम पाणी मिळून दीड किलो. त्याचे ३ टक्के म्हणजे ४५ ग्रॅम. नुसत्या पाण्याचे टक्के काढले तर मीठ निम्म्यावर येतं, कारण ते भाजीतही शिरतं. काकडी लवकर मऊ पडते, तिला मी साडेतीन टक्क्यांच्या खाली ठेवत नाही.

मीठ कमी असेल तर आपल्या जिवाणूंना आघाडी मिळत नाही, आणि त्यांनी आम्ल तयार करेपर्यंत इतरांचं फावतं. फार जास्त असेल तर तेही दबतात, आणि मीठ सोसणारी यीस्ट तेवढी शिल्लक राहतात. कोबीत मीठ एकसारखं चोळलं गेलं नाही की त्यावर गुलाबी रंगही येतो. म्हणून मी मीठ तीन भागांत घालते आणि प्रत्येक वेळी हाताने खालवर करते.

आयोडीनयुक्त मिठावर सगळं खापर फुटतं. मी त्याने कित्येक बरण्या लावल्या आहेत आणि त्या आंबल्या आहेत. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घालतात त्याने खार थोडा जास्त गढूळ होतो, एवढंच.

५. जागा गरम आहे का

बरणीशेजारी साधा थर्मामीटर दोन दिवस ठेवून द्या आणि सकाळ, दुपार, रात्र वाचा. ओव्हनजवळ, फ्रिजच्या मागे, उन्हाच्या खिडकीत आकडा तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघतो. २१ ते २४ अंश सेल्सिअसला कोबी तीन ते चार आठवड्यांत पूर्ण आंबतो. १५ ते १८ अंशांना पाच-सहा आठवडे लागतात, चव मात्र जास्त चांगली येते. १५ च्या खाली आंबणं अडतं आणि २४ च्या वर भाजी मऊ पडू लागते.

आंबणं एकाच जिवाणूकडून होत नाही. सुरुवात ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस करतो. वायू सोडून हवा बाहेर घालवणाऱ्यांत तोच पुढे असतो, आणि त्याला थंडावा मानवतो. आम्ल वाढलं की तो मागे पडतो आणि लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम काम हाती घेतो. (जुन्या पुस्तकांत तो लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या नावाने सापडेल. नाव २०२० मध्ये बदललं, जिवाणू तोच.) गरम जागेत पहिल्याची पाळी घाईत उरकते, भाजी भराभर आंबट होते, वायूही लवकर संपतो. यीस्टला मात्र ऊब आवडते. गरम दिवसांत जागा बदलणं शक्य नसेल तर मीठ अर्ध्या टक्क्याने वाढवा आणि चार-सहा दिवसांत चव जमली की फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत यीस्टची वाढ जवळजवळ थांबते.

६. बरणी, झाकण, वजन

झाकणाच्या आतली रबराची कडी काढून बघा. तिच्या खाचेत मागच्या वेळचा चिकट पांढरा लेप सापडला तर थर दरवेळी घरचाच येतोय. कडी, वजन आणि बरणी साबणाने धुवा, कढत पाण्यातून काढा, पूर्ण वाळू द्या. प्लॅस्टिकच्या बरणीला आतून चरे पडले असतील तर ती आंबवायला वापरू नका, चऱ्यांतून लेप निघत नाही. काचेला टवका असेल तर तीही बाद.

७. भाजी आणि पाणी

डाग पडलेली, टोकाला मऊ झालेली भाजी स्वतःबरोबर यीस्ट आणि बुरशी घेऊन येते. काकडीचं फुलाकडचं टोक पातळ कापून टाका. त्यातली विकरं अख्खी काकडी मऊ करतात. पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं. क्लोरामाइन तसं उडत नाही, त्याला सक्रिय कोळशाची गाळणी लागते.

८. आम्लता मोजा

इतकं करूनही थर तिसऱ्यांदा आला तर अंदाज बास. पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. त्याच्या पट्ट्या घ्या, ४ च्या आसपास बारीक फरक दाखवणाऱ्या. १ ते १४ मोजणाऱ्या पट्ट्यांनी इथे काही कळत नाही. जांभळ्या कोबीच्या खाराने पट्टी रंगते, त्यासाठी मीटरच हवा, आणि तो ४ आणि ७ च्या द्रावणांत जुळवून घेतलेला.

लक्षात ठेवायचा आकडा ४.६. त्याखाली बोटुलिझमचा, म्हणजे अन्नातल्या विषाने स्नायू लुळे पाडणाऱ्या जीवघेण्या आजाराचा, जिवाणू वाढत नाही. नीट आंबलेला कोबी ४ च्याही खाली, साधारण ३.५ पर्यंत जातो. मी आठवडा झाल्यावर मोजते. तोवर ४.६ च्या वर असेल तर बरणी फेकते. आधी ३.६ होता आणि थर येऊन गेल्यावर ४.२ झाला असेल तर यीस्टने आम्ल खाल्लंय. ती बरणी मी स्वतः लगेच खाऊन संपवते, कोणाला देत नाही.

थर काढायची रीत एवढीच: कागदी रुमाल सायीवर अलगद टेकवा, चिकटली की उचला. चमच्याने ढवळलीत तर ती तुटून खाली जाते. मग गळा पुसा, वजन धुवून परत ठेवा, खाराची पातळी वाढवा. भाजी कडक आणि वास स्वच्छ आंबट असेल तर ती खाण्याजोगी आहे.

दुसऱ्याला देण्याआधी

बरणीवर चिठ्ठी लावा: काय काय घातलंय, मिठाचं प्रमाण, कधी लावली, फ्रिजमध्ये ठेवायची. २.५ टक्के मीठ म्हणजे १०० ग्रॅम भाजीत अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला हा हिशेब आधी माहीत हवा.

औषध म्हणून देऊ नका. २००१ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येप्रमाणे प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. आपल्या बरणीत जिवंत जिवाणू असतात, पण कोणते आणि किती हे आपण मोजलेलं नसतं. चवीला छान, ताजं, हातचं, एवढं सांगून द्यावं.

केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव बदललेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या व्यक्तीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गरोदर बाई आणि तान्हं मूल यांचंही तेच. नैराश्यावरची एमएओ इनहिबिटर गटातली औषधं घेणाऱ्यांना आंबवलेल्या कोबीतल्या टायरामीनमुळे रक्तदाब एकदम चढण्याचा धोका असतो.

इथे थांबा

वेगवेगळ्या बरण्यांवर, भाकरी-पावावर, फळांवर, सगळीकडेच बुरशी येत असेल तर दोष तुमच्या खाराचा नाही. कपाटाच्या मागच्या भिंतीला हात लावून बघा. माझ्याकडे एकदा सलग चार बरण्या गेल्या. सिंकखालच्या कपाटाची फळी काढली तर मागे काळे ठिपके आणि पाइपाच्या जोडाशी थेंब. प्लंबर आला, जोड बदलला, भिंत सुकली आणि स्वयंपाकघरातली बुरशी थांबली. बरण्या मात्र परत तिथे ठेवल्या नाहीत. ओल असेल तर प्लंबर बोलवा, तोपर्यंत नवी बरणी लावू नका.

विकायचं असेल, किंवा पन्नास-शंभर माणसांच्या जेवणात ठेवायचं असेल, तर घरच्या पट्टीवर विसंबू नका. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि तुमच्याकडचे परवान्याचे नियम विचारा.

आणि खाल्ल्यानंतर कोणाला एकाचे दोन दिसायला लागले, पापण्या जड होऊन खाली आल्या, बोलणं अडखळलं, गिळता येईना किंवा हातपाय लुळे वाटू लागले, तर घरगुती उपाय नाहीत, सकाळची वाट नाही. बोटुलिझमची लक्षणं बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, पण काही तासांतही येऊ शकतात आणि आठ दिवसांनीही. या विषाला वास नसतो, चव नसते. श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात आणि प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितकं बरं. थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या आणि काय, कधी, किती खाल्लं ते आधी सांगा. त्याच बरणीतलं आणखी कोणाला दिलं असेल तर त्यांना लगेच फोन करा. बरणी रिकामी करू नका, धुऊ नका. झाकण लावून, पिशवीत बांधून बरोबर न्या, तपासणीला लागेल.